झुलतं पातं: माशासारखं पोहणारं यंत्र पहिल्यांदा बांधताना

पाण्याखालचं यंत्र पुढे न्यायचं तर प्रोपेलर हा सरावाचा मार्ग, आणि तो चांगलाही आहे. तरीही माशाच्या शेपटीसारखं डावी-उजवीकडे झुलणारं पातं लावून यंत्र पळवायचा ध्यास संशोधकांनी गेली तीसेक वर्षं सोडलेला नाही. एकच पातं रेटा देतं, दिशा बदलतं आणि ब्रेकही लावतं. पाणवनस्पती आणि दोऱ्या त्याच्याभोवती गुंडाळल्या जात नाहीत. आणखी एका फायद्याची चर्चा कमी होते. पातं गोल फिरत नसल्यामुळे त्याचा सांधा रबरी आवरणात पूर्ण बंद करता येतो, फिरत्या दांड्याला लागणारं घासतं सील लागतच नाही.

केवळ कार्यक्षमतेसाठी मात्र या वाटेला जाऊ नका. नीट निवडलेला प्रोपेलर त्या बाबतीत सहजासहजी हार मानत नाही. चपळाई, शांतता आणि जलचरांच्या जवळ जाता येणं हवं असेल, तर हा विषय तुमच्यासाठी आहे.

सर्व्हो मोटर चालवता येते, सोल्डरिंग जमतं आणि शाळेतली त्रिकोणमिती थोडीफार आठवते, एवढ्या तयारीवर पुढचं सगळं करता येईल. सुरुवातीलाच माझं मत सांगतो. नवशिक्यांचा बराच वेळ माशाचं रूप हुबेहूब उतरवण्यात जातो, कल्ले काय, खवले काय, डोळे काय. पोहणं ठरतं ते शेपटीच्या तालावर: झोका किती मोठा, किती वेळा, आणि झोक्याच्या कोणत्या क्षणी पातं किती तिरकं. आधी ताल बसवा, रूप नंतर बघू.

पायरी १: पातं पाण्यात काय करतं ते समजून घ्या

वल्हं पाणी मागे लोटतं आणि नाव पुढे जाते. शेपटीचं पातं असं काम करत नाही. यंत्र पुढे सरकत असतं आणि त्याच वेळी पातं आडवं जात असतं, त्यामुळे पाण्यातून पात्याची वाट नागमोडी होते. या तिरक्या वाटेवर पातं पाण्याला थोड्या कोनात भिडलं की विमानाच्या पंखावर येते तशी लिफ्ट त्याच्यावर येते. लिफ्ट वाटेला काटकोनात असते. वाटच तिरकी असल्यामुळे लिफ्टचा काही भाग पुढच्या दिशेला झुकतो. पातं डावीकडे जात असो की उजवीकडे, पुढचा भाग पुढेच राहतो आणि आडवे भाग एका आवर्तनात एकमेकांना रद्द करतात. उरतो तो रेटा.

हे गणित माशांकडे बघून सुरू झालं नाही. १९०९ मध्ये नोलर यांनी आणि १९१२ मध्ये बेट्झ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फडफडत्या पंखावर पुढचा जोर कसा येतो ते मांडलं. १९२२ मध्ये काट्झमायर यांनी उलटा प्रयोग केला: पंख स्थिर ठेवला, हवेचा झोत वर-खाली झुलवला, आणि पंखावर खरोखरच रेटा आला.

दुसरी बाजू भोवऱ्यांची. वाहत्या पाण्यात खांब रोवला की त्याच्यामागे आळीपाळीने उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या दोन रांगा तयार होतात. त्यांना कारमान भोवरा-माला म्हणतात. त्या रांगांमधलं पाणी मंदावलेलं असतं, म्हणजे खांबावर ओढ पडते. नीट झुलणाऱ्या पात्यामागेही अशाच दोन रांगा दिसतात, पण प्रत्येक भोवऱ्याची फिरकी उलटी असते. त्यामुळे मधलं पाणी मागे झेपावतं आणि पातं पुढे रेटलं जातं. भोवऱ्यांतली ही ऊर्जा किती खरी आहे याचा विलक्षण पुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी संशोधकांनी मेलेला ट्राउट मासा अडथळ्यामागच्या भोवऱ्यांत सोडला, तर त्याचं लवचिक शरीर भोवऱ्यांच्या तालावर झुलू लागलं आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध पुढे सरकला.

पायरी २: तीन आकडे आधी कागदावर

पहिला आकडा स्ट्रूहाल संख्या. दर सेकंदाला होणारी आवर्तनं (एका बाजूला जाऊन परत, असं एक आवर्तन) गुणिले झोक्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, भागिले पुढे जाण्याचा वेग. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मायकेल ट्रायंटाफिलू यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की चांगलं पोहणाऱ्या माशांची ही संख्या एका अरुंद पट्ट्यात येते. २००३ मध्ये पक्षी, वटवाघळं, कीटक आणि मासे यांची एकत्र तुलना झाली, तेव्हाही एकसारख्या वेगाने लांब पल्ला कापणारे प्राणी ०.२ ते ०.४ या दरम्यानच सापडले. तुम्ही ०.३ धरून चला.

दुसरा आकडा पातं पाण्याला भिडतं तो कोन. सर्वांत मोठा असताना तो १५ ते २० अंश ठेवा. तिसरा आकडा कलेतला फरक, म्हणजे पात्याचं आडवं सरकणं आणि त्याचं तिरकं होणं यांतलं वेळेचं अंतर, पूर्ण आवर्तन ३६० अंश धरून. ते ९० अंशांच्या आसपास हवं. झोक्याच्या मध्यावर, वेग सर्वाधिक असताना, पातं सर्वांत तिरकं आणि टोकाला पोहोचताना सरळ. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआयटीच्या मोजमापांत हे सगळं जुळल्यावर पात्याची कार्यक्षमता ८७ टक्क्यांपर्यंत गेली होती. ती प्रयोगशाळेतल्या कडक पात्याची, पाण्याला दिलेल्या ऊर्जेवर मोजलेली संख्या आहे. मोटर, गिअर आणि हलणारं धड धरलं की घरच्या यंत्राचा आकडा बराच खाली येतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू, कारण पुढची सगळी बांधणी याच आकड्यांवर करायची आहे. पातं पुढून मागे ५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच. अपेक्षित वेग सेकंदाला ०.४ मीटर. झोका मध्यापासून दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ०.१ मीटर. मग वारंवारता = ०.३ × ०.४ ÷ ०.१ = १.२, म्हणजे सेकंदाला सव्वा आवर्तनाच्या जवळपास. मध्यावर पात्याचा आडवा वेग २ × पाय × १.२ × ०.०५, साधारण ०.३८ मीटर प्रति सेकंद. पुढचा वेग ०.४ आणि आडवा ०.३८, म्हणून तिथे वाट सुमारे ४३ अंशांनी तिरकी. भिडण्याचा कोन २० अंश हवा, तर पात्याने धडाच्या रेषेपासून ४३ उणे २० = २३ अंश कललेलं असायला हवं. हा २३ अंशांचा आकडा लिहून ठेवा, सहाव्या आणि सातव्या पायरीत तोच लागणार आहे.

रेट्याचा अंदाज: रेट्याचा गुणांक ०.५ धरला तर अर्धा × गुणांक × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ, म्हणजे ०.५ × ०.५ × १००० × ०.४ चा वर्ग × पात्याचं क्षेत्रफळ ०.००७५ = ०.३ न्यूटन. अर्धा मीटर लांब आणि ९ सेंटिमीटर व्यासाच्या निमुळत्या धडावर याच वेगाला साधारण ०.१५ न्यूटनची ओढ येईल. दुप्पट रेटा हाताशी ठेवलेला बरा, कारण शेपूट हलताना धडही हलतं आणि ओढ वाढते.

पायरी ३: मोटर लावण्याआधी हाताने झुलवून बघा

ही पायरी वगळू नका. पसरट टबात पाणी भरा आणि ते पूर्ण निवळू द्या. प्लास्टिकची जाड पट्टी उभी धरा, तिच्या मागच्या कडेला ड्रॉपरने खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब सोडा, आणि पट्टी डावी-उजवीकडे झुलवत पुढे न्या. वरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पट्टी नुसती आडवी, न कलवता हलवली तर रंग ढगासारखा पसरतो. मध्यावर कलवून आणि टोकाला सरळ करून हलवली तर दर टोकाला एक गुंडाळी सुटते आणि दोन रांगांमधून रंगाची रेघ मागे धावते. पट्टी हातातून पुढे सटकू बघते तेही जाणवतं. कला जुळणं म्हणजे काय ते मनगटाला एकदा कळलं की पुढे दुरुस्त्या करताना फार उपयोग होतो.

पायरी ४: पातं तयार करा

आडव्या छेदाचा आकार नाका (NACA) ००१२ घ्या, हा विमानाच्या पंखांसाठी ठरवलेल्या प्रमाणित आकारांपैकी एक. दोन्ही बाजूंनी सारखा, रुंदीच्या १२ टक्के जाड, पुढची कड गोल, मागची कड धारदार. थ्रीडी प्रिंटरवर छापलं तर वर एपॉक्सीचा पातळ हात फिरवून घासून घ्या, नाहीतर थरांमधून पाणी आत झिरपतं आणि तोल बिघडतो. मागची कड जाड राहू देऊ नका, भोवरा तिथूनच सुटतो.

सांधा पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर ठेवा. त्याहून मागे नेला तर पाणी पातं उलटं वळवू पाहतं आणि सांध्यावर विनाकारण ताण येतो. चंद्रकोरीसारखी शेपूट कुप्याला, म्हणजे ट्यूना माशाला, शोभते आणि त्याच्या वेगाला ती योग्यही आहे, पण तुमच्या पहिल्या पात्याला साधा आयत पुरेसा आहे.

पायरी ५: एक मोटर, एक मऊ सांधा

इथे मोह होतो सात-आठ सांध्यांचा मासा बनवण्याचा. वाम अख्खं शरीर लाटेसारखं हलवते, बांगडा शरीराचा मागचा निम्मा-अर्धा भाग, आणि कुपा जवळजवळ फक्त शेपूट. नवशिक्याने कुप्याचं ऐकावं. हलणारे भाग कमी, आणि रेट्याचा बहुतेक हिस्सा पात्यातूनच.

धडाच्या मागे सर्व्हो, तिला २० सेंटिमीटर लांब दांडा, दांड्याच्या टोकाला मऊ सांध्यावर पातं. दांडा दोन्ही बाजूंना साडेचौदा अंश फिरला की ५ सेंटिमीटरचा झोका मिळतो. सांध्यासाठी रबराची किंवा लवचिक प्लास्टिकची पट्टी घ्या. दांडा आडवा जाताना पाण्याच्या दाबाने पातं आपोआप मागे कलतं, टोकाला दाब कमी झाला की परत सरळ होऊ लागतं. कला हवी तिथे जवळपास आपोआप येते. वेव्ह ग्लायडर हे सागरी यंत्र असंच चालतं: वर तरंगता फळा, खाली दोरखंडाला टांगलेली स्प्रिंगवरची पाती, आणि लाटांच्या चढउतारातून मिळणारा रेटा. पाण्याला जे काम स्वतःहून करायचंय ते त्याला करू द्यावं, त्यासाठी दुसरी मोटर पहिल्याच यंत्रात आणू नये.

मोटर निवडताना पाण्याचं वजन विसरलं जातं. आपलं पातं भरीव असलं तरी ४० ग्रॅमच्या आसपास भरेल. पण ते आडवं हलवताना भोवतालचं जवळजवळ ३०० ग्रॅम पाणीही हलवावं लागतं. हे पाणी आणि लिफ्ट मिळून पात्यावरचा आडवा जोर दीड ते दोन न्यूटनपर्यंत जातो, म्हणजे रेट्याच्या पाच-सहा पट. २० सेंटिमीटरच्या दांड्यावर तो साधारण ४ किलो-सेंटिमीटर पीळ मागतो. १० किलो-सेंटिमीटरची धातूच्या गिअरची सर्व्हो घ्या. प्लास्टिकचे गिअर दर टोकाला दिशा बदलताना झिजतात.

वेगही तपासा. साडेचौदा अंशांचा झोका सेकंदाला १.२ वेळा म्हणजे मध्यावर सेकंदाला ११० अंशांच्या आसपास, आणि हे बहुतेक सर्व्होंना सहज जमतं. हीच सर्व्हो तुम्ही ३० अंशांवर, सेकंदाला ३ वेळा चालवायला गेलात तर तिच्याकडे सेकंदाला ५६५ अंशांची मागणी होते. ती तक्रार करत नाही, निमूटपणे झोका लहान करते. म्हणून कोडमध्ये लिहिलेला झोका खरा मानू नका, चित्रणातून मोजा. त्याहून वेगवान शेपूट हवी असेल तर सतत फिरणारी डीसी मोटर आणि क्रँक हा मार्ग. व्हर्जिनिया आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला ट्यूनाबॉट हा साधारण पंचवीस सेंटिमीटरचा यंत्रमासा सेकंदाला १५ आवर्तनांपर्यंत शेपूट हलवत होता.

जलरोधन: सर्व्हो कोरड्या कप्प्यात ठेवा आणि दांडा जिथे बाहेर येतो तिथे घडीदार रबरी टोपी बसवून दोन्ही टोकं क्लॅम्पने आवळा. घड्या साडेचौदा अंशांना पुरून उरायला हव्यात. बॅटरी आत टाकण्याआधी रिकामं धड वजन बांधून रात्रभर पाण्यात बुडवा, आत टिश्यू पेपर ठेवून. लिथियम बॅटरी बंद धडात कधीही चार्ज करू नका. बिघडलेल्या सेलमधून वायू सुटतो आणि बंद डबा फुटू शकतो, म्हणून धडाला दाबाने निघेल असं एक रबरी बूच ठेवाच.

पायरी ६: तोल, मग चाचणी, मग सांध्याची जुळवणी

वजनं तळाशी ठेवा, म्हणजे यंत्र आडवं लोळणार नाही. पाण्यात ते अगदी थोडं तरंगतं राहू द्या, बंद पडलं तर वर तरी येईल. शेपूट झुलली की तिच्या प्रतिक्रियेने डोकंही डोलतं. हे डोलणं कमी करायला पुढचा भाग जड ठेवा आणि उभा, चपटा करा. पाठीवर आणि पोटाखाली एकेक स्थिर पर लावला तरी फरक पडतो.

यंत्र दोरीने बांधून स्प्रिंग-काट्यावर रेटा मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच आधी करतात. त्यावरून झोका ठरवू नका. बांधलेल्या यंत्राचा वेग शून्य, वाट पूर्ण आडवी, आणि जो मऊपणा तिथे उत्तम वाटतो तो पोहताना जुळत नाही. दोरीची चाचणी फक्त सर्व्हो, सील आणि वायरिंग तपासण्यापुरती.

खरी चाचणी मोकळं सोडून. टाकीच्या तळाशी किंवा काठाला दर अर्ध्या मीटरवर खूण करा, कॅमेरा बरोबर वर, आणि यंत्र एका वेगाने जाऊ लागल्यावरचाच भाग मोजा. चित्रणातून वेग, झोका आणि वारंवारता काढा आणि स्ट्रूहाल संख्या मांडा. ती ०.५ च्या वर असेल तर शेपूट फार धडपडते आहे आणि यंत्र पुरेसं पुढे जात नाही: पातं लहान आहे, धडाची ओढ जास्त आहे, किंवा सांधा चुकला आहे.

सांधा तपासायची जागा म्हणजे झोक्याचा मध्य. तिथे दांडा धडाच्या सरळ रेषेत असतो. चित्रण नेमकं त्या फ्रेमवर थांबवा आणि पात्याचा कल कोनमापकाने पडद्यावरच मोजा. तो २३ अंशांच्या आसपास यायला हवा. ८-१० अंशच येत असेल तर सांधा कडक आहे. अशा वेळी पातं पाण्याला चापट मारल्यासारखं हलतं, डोकं जोरात डोलतं आणि मोटर गरम होते. ४० अंश येत असेल तर सांधा फार मऊ. पातं आपल्या वाटेच्या रेषेतच वळतं, पाण्याला भिडतच नाही. हालचाल दिसायला सुंदर, पण यंत्र रेंगाळतं. पट्टी एक मिलिमीटरचा काही भाग जाड-पातळ केली तरी बरंच बदलतं, कारण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. एमआयटीचा रोबोट्यूना १९९० च्या दशकात तयार झाला तेव्हा डेव्हिड बॅरेट यांनीही शेपटीच्या हालचालीचे आकडे नुसत्या सिद्धांतातून काढले नाहीत. चाचणी-टाकीत फेऱ्या मारून, दर फेरीनंतर चांगले आकडे निवडत ते शोधले.

कार्यक्षमतेचा टक्का सांगायची घाई करू नका. एका वेगाने पोहणाऱ्या यंत्रावर रेटा आणि ओढ यांची सरासरी बेरीज शून्य असते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणं अवघड आहे. स्थिर धड ओढून मोजलेली ओढ पोहतानाच्या ओढीइतकी नसते. त्याऐवजी व्होल्ट × अँपिअर भागिले वेग, म्हणजे दर मीटरला किती जूल, हा आकडा नोंदवा. दोन पाती किंवा दोन ताल यांत बरं कुठलं ते त्यावरून खात्रीने कळतं.

वळण सोपं आहे: झोक्याचा मध्यच एका बाजूला ५ ते १० अंश सरकवा.

पायरी ७: दुसरी मोटर कधी आणि कशी

मऊ सांधा एकाच वेगाला उत्तम जुळतो. वेग बदलतानाही चांगलं पोहायचं असेल तर सांध्यावर दुसरी सर्व्हो लावा. इथे एक सापळा आहे. दांडा स्वतःच साडेचौदा अंश वळत असतो आणि पातं त्याच्यावर बसलेलं असतं. म्हणून सांध्याला ९० अंशांचं कलांतर देऊन चालत नाही. पात्याचा हवा तो कल उणे दांड्याचा कोन, एवढं सांध्याने फिरायचं. आपल्या उदाहरणात ही वजाबाकी केली की सांध्याचा झोका सुमारे २७ अंश आणि दांड्याच्या मागे १२२ अंश असा येतो. कोडमध्ये आकडे पाठ न लिहिता वजाबाकीच लिहा, म्हणजे वारंवारता किंवा झोका बदलला तरी सांधा आपोआप जुळेल. दुसऱ्या सर्व्होचं वजन शेपटीच्या टोकाशी येऊ नये म्हणून ती धडातच ठेवा आणि तिची हालचाल दोरीने किंवा पट्ट्याने सांध्यापर्यंत न्या.

पूर्ण मऊ शेपटीची वाटही आहे. एमआयटीच्या सोफी या यंत्रमाशाची सिलिकॉनची शेपूट पंपाने पाणी इकडून तिकडे ढकलून झुलवली जाते, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तो फिजीच्या प्रवाळांमध्ये १८ मीटर खोलीपर्यंत पोहला. पण मऊ शेपटीत झोका, कल आणि कला एकाच साच्यात गुंतलेले असतात, त्यातला एकच बदलता येत नाही. म्हणून सांध्याचं यंत्र वेगवेगळ्या वेगांना पळवून, दर वेगाचे जूल आणि मध्यावरचा कल यांचा तक्ता हाती आल्यावरच सिलिकॉन ओतायला घ्या. साचा किती जाड करायचा ते त्या तक्त्यातूनच ठरवता येतं.